फळपरिषदांचा इतिहास आणि बालाघाटचे सीताफळ

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे स्थापनेची तारीख, संस्थापकांची नावे, जागा कुणी दिली, पहिली खोली कधी बांधली, या क्रमाने जायचे असते. या लेखातल्या संस्थेला तो क्रम लागू पडत नाही. ती कुठल्याही एका गावात नांदत नाही. दर काही वर्षांनी नव्या देशात भरते, आठवडाभर चालते आणि उठते. फळे पिकवणारे, रोपवाटिका चालवणारे आणि प्रयोगशाळेत फळांचा अभ्यास करणारे लोक जगभरातून एकत्र येतात, ती परिषद हीच इथे संस्था. तिला दीडशेहून अधिक वर्षे झाली. बीड जिल्ह्यातल्या सीताफळ उत्पादकांच्या हाती पडणाऱ्या स्मरणिकेत तिचा इतिहास यावा असे मला मनापासून वाटले. आंबा, द्राक्ष आणि डाळिंब या पंगतीत कधीच बसले. सीताफळाचे पान अजून नीट मांडले गेलेले नाही, आणि ते मांडण्याचा मान आपल्या जिल्ह्याकडे आहे.

सुरुवात बागवानांची

पहिली आंतरराष्ट्रीय उद्यानविद्या परिषद १८६४ मध्ये बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथे भरली. बेल्जियम हा त्या काळी पेअरचा देश होता. त्याआधीच्या पिढीत व्हान मॉन्स नावाच्या गृहस्थाने हजारो पेअरची रोपे बियांपासून वाढवली होती. व्यवसायाने ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पण नाव राहिले ते पेअरमुळे. बी लावायचे, झाड फळाला येण्याची वर्षानुवर्षे वाट बघायची, शेकड्यातले एखादे चांगले निघाले तर ठेवायचे, बाकीचे काढायचे, आणि चांगल्याचे बी पुन्हा लावायचे, ही त्यांची रीत. सीताफळाच्या लोकांना ती रीत कळायला वेळ लागणार नाही, कारण बालाघाटच्या डोंगरात निसर्गाने तीच रीत माणसाच्या मदतीशिवाय चालवली आहे.

अशा छंदिष्ट, चिकाटीच्या लोकांचे काम गावोगाव विखुरलेले होते. एकच जात दोन देशांत दोन नावांनी विकली जाई आणि दोन वेगळ्या जाती एकाच नावाने. नाव ठरवायचे, फळ समोर ठेवून पारखायचे, कलमे बदलायची, रोगाची माहिती एकमेकांना द्यायची, या गरजांतून या परिषदा वाढल्या.

या मेळाव्यांनी विज्ञानाला काय दिले याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ग्रेगोर मेंडेल या मठवासी शिक्षकाने १८६५ मध्ये ब्रनो शहरात वाटाण्याच्या संकरावरचे आपले निष्कर्ष वाचून दाखवले. पुढची पस्तीस वर्षे त्यांच्याकडे जवळजवळ कुणी लक्ष दिले नाही. १९०० मध्ये ते पुन्हा उजेडात आले, तेव्हा त्यांचे महत्त्व ओळखून त्यांना उचलून धरणाऱ्यांत इंग्लंडमधले बागवान आणि संकरकार पुढे होते. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १८९९ मध्येच वनस्पतिसंकरावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती. दुसरी १९०२ मध्ये न्यूयॉर्कला झाली आणि तिसरी १९०६ मध्ये पुन्हा लंडनला. या तिसऱ्या परिषदेच्या अध्यक्षपदावरून विल्यम बेटसन यांनी आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी ‘जेनेटिक्स’ हे नाव सर्वांपुढे मांडले. समोर विद्यापीठांचे प्राध्यापक होते, तसेच ऑर्किडचे संकर करणारे आणि रोपवाटिकावालेही होते. विसाव्या शतकातल्या एवढ्या मोठ्या विज्ञानाचा नामकरणविधी हातात छाटणीची कात्री धरणाऱ्या लोकांच्या सभेत झाला, ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या मुलांना सांगावी अशी आहे.

पुढे दोन महायुद्धांनी परिषदांचा क्रम मोडला. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय उद्यानविद्या सोसायटी रीतसर स्थापन झाली. तिचे कार्यालय बेल्जियममधल्या लुव्हेन गावी आहे. व्हान मॉन्स यांनी पेअरची रोपे वाढवली ते हेच गाव. सोसायटीची मोठी परिषद साधारण चार वर्षांनी भरते. १९६२ ला ब्रुसेल्स, १९७० ला तेल अवीव, १९७८ ला सिडनी, १९९४ ला क्योटो, २००६ ला सोल, २०१० ला लिस्बन, २०१४ ला ब्रिस्बेन, २०१८ ला इस्तंबूल, २०२२ ला फ्रान्समधले अँजे. १९५९ नंतरच्या या यादीत भारतातले एकही शहर नाही. फळे आणि भाजीपाला पिकवण्यात जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या देशाला हे शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकेका फळाच्या स्वतंत्र परिषदा मात्र भारतात झाल्या, आणि आपल्यासाठी त्याच जास्त कामाच्या आहेत. मोठ्या परिषदेत ट्युलिपपासून टोमॅटोपर्यंत सगळे असते. एका फळाच्या परिषदेत एकाच झाडाची मुळापासून शेंड्यापर्यंत झाडाझडती होते.

आंबा, द्राक्ष, डाळिंब

आंब्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६९ मध्ये नवी दिल्लीला झाली आणि दुसरी १९८५ मध्ये बंगळुरूला. त्यानंतर ती डार्विन, मायामी, तेल अवीव, थायलंड, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, चीन अशी फिरत राहिली. आंबा आपला, पण त्याच्या व्यापाराचे शास्त्र दुसऱ्या देशांनी पुढे नेले, हे त्या प्रवासात दिसते.

आपल्या फळाचे शास्त्र आपणच पुढे नेण्याचा धडा महाराष्ट्रात सगळ्यात चांगला गिरवला तो द्राक्षवाल्यांनी. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० मध्ये स्थापन झाला. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, १९९७ मध्ये आले. म्हणजे शेतकऱ्यांनी आधी आपली संघटना बांधली, वर्गणी काढली, दरवर्षीची अधिवेशने भरवली, आणि सरकारी संशोधन संस्था नंतर उभी राहिली. मधल्या काळात शेतकरी हातावर हात ठेवून बसले नव्हते. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांना थॉम्पसन सीडलेसच्या बागेत वेगळे घड दिसले आणि त्यातून ‘तास-ए-गणेश’ ही जात आली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ निवडल्या. या जातींनी हजारो घरांचे संसार उभे केले. बागेत रोज फिरणाऱ्या माणसाची नजर आणि ती नजर गंभीरपणे घेणारी संघटना, एवढ्या दोन गोष्टींवर हे झाले.

म्हणून फेब्रुवारी २००६ मध्ये द्राक्ष उत्पादन आणि प्रक्रिया या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद बारामतीत भरली तेव्हा ती कुठून तरी आणून बसवलेली वाटली नाही. परदेशी शास्त्रज्ञांना दाखवायला बागा होत्या, विचारायला प्रश्न होते आणि प्रश्न विचारणारे शेतकरी होते. या परिषदांमध्ये वाचलेले निबंध सोसायटी ‘अ‍ॅक्टा हॉर्टिकल्चरी’ या मालिकेत छापते. या परिषदेचा खंडही त्यात आहे. जगातल्या कुठल्याही फळ संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात तो मिळावा.

डाळिंबाची गोष्ट आणखी अलीकडची. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सुरू झाले आणि डाळिंब व इतर गौण फळांवरची आंतरराष्ट्रीय परिषद २००९ मध्ये धारवाडला झाली. आपल्या आष्टी, पाटोद्याकडच्या डाळिंबवाल्यांनी ज्या तेल्या रोगाचा तडाखा सोसला, त्या रोगावर तिथे शास्त्रज्ञांनी आपसात माहितीची देवाणघेवाण केली.

परिषदांच्या यादीत ‘गौण फळे’ असा एक कप्पा असतो. सीताफळ बराच काळ त्या कप्प्यात पडून होते. मराठवाड्याच्या माणसाला सीताफळ गौण वाटणे शक्यच नाही, पण जगाच्या हिशेबात कुणी आवाज काढल्याशिवाय जागा बदलत नाही.

सीताफळाचा गोतावळा

सीताफळ अमेरिका खंडातले. मध्य अमेरिका आणि आसपासच्या उष्ण प्रदेशातून ते निघाले आणि युरोपीय जहाजांबरोबर पूर्वेकडे पोचले, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. यावर एक जुना वाद आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहुतच्या स्तूपावरच्या शिल्पात सीताफळ दिसले आणि १८७९ च्या ग्रंथात त्यांनी तसे नोंदवले. तसे असेल तर कोलंबसाच्या कितीतरी शतके आधी हे फळ भारतात होते. वाद अजून पुरता मिटलेला नाही. इथे रुजल्यावर मात्र दख्खनच्या डोंगरांनी ते इतके आपलेसे केले की आज त्याला परके म्हणणारा माणूस सापडणार नाही. सिकंदराबादेत सीताफळमंडी नावाची अख्खी वस्ती आहे, आणि आपला जिल्हा १९४८ पर्यंत त्याच निजामाच्या राज्यात होता.

या कुळात सीताफळाची भावंडे बरीच. रामफळ आपल्या ओळखीचे. थंड डोंगरातले चेरिमोया हे दक्षिण अमेरिकेचे आणि स्पेनचे लाडके. सीताफळ आणि चेरिमोया यांचा संकर म्हणजे अटेमोया. तो १९०८ मध्ये पी. जे. वेस्टर यांनी मायामीत केला. आज ऑस्ट्रेलियात ‘कस्टर्ड अ‍ॅपल’ म्हणून जे विकले जाते ते हेच अटेमोया. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने आयलंड जेम हे अटेमोया आणि मॅमथ हे सीताफळ यांच्या संकरातून ‘अर्का सहान’ काढले. मोठे फळ, थोड्या बिया. म्हणजे मायामीतल्या एका प्रयोगाची वंशावळ आपल्या बागांपर्यंत आली आहे.

या कुळाच्या स्वतंत्र परिषदा उशिरा सुरू झाल्या. मेक्सिकोतल्या चापिंगो कृषी विद्यापीठात १९९७ मध्ये सीताफळवर्गीय फळांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. मार्च १९९९ मध्ये इक्वाडोरच्या लोजा शहरात चेरिमोयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ऑगस्ट २०१३ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातल्या बोतुकातू इथे या कुळावरची परिषद झाली. तिचा विषयच ‘जनुकापासून निर्यातीपर्यंत’ असा होता.

लोजाच्या परिषदेबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण तिथली परिस्थिती ऐकताना आपलाच डोंगर डोळ्यांपुढे येतो. दक्षिण इक्वाडोर आणि उत्तर पेरू देशातल्या अँडीज पर्वताच्या दऱ्यांमध्ये चेरिमोया आपोआप वाढते. लोक ती डोंगरातून गोळा करून बाजारात आणत. बागा थोड्या, रानझाडे जास्त. एका झाडाचे फळ दुसऱ्यासारखे नाही. जंगलतोडीने आणि दुर्लक्षाने ही विविधता संपत चालली होती. पुढच्या दशकात स्पेन, इक्वाडोर, पेरू आणि बोलिव्हिया यांच्या संस्थांनी मिळून गावोगावची चेरिमोयाची झाडे नोंदवली, त्यांचे जनुकीय नमुने घेतले आणि स्थानिक जाती टिकवण्याचा प्रकल्प राबवला. स्पेनमधल्या मालागाजवळच्या ला मायोरा केंद्रात या कामाचा मोठा संग्रह आहे. त्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये दाखवून दिले की चेरिमोयाची सर्वाधिक विविधता अँडीजमध्ये नसून मध्य अमेरिकेत आहे, आणि तिचे मूळ तिकडेच असावे. शंभर वर्षे गृहीत धरलेली गोष्ट रानझाडांच्या पानांचे नमुने गोळा केल्यामुळे बदलली. पेरू देशातल्या कुंबे गावाने आपल्या चेरिमोयासाठी सामूहिक व्यापारचिन्हही मिळवले. व्हिएतनाममध्ये ताय निन्ह प्रांतातल्या बा देन डोंगराच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. ते तर थेट आपलेच सीताफळ, तीच जात, तसाच डोंगर.

बालाघाट

आता आपल्या डोंगराकडे येऊ. बीड, पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई या बाजूने पसरलेल्या बालाघाटाच्या रांगेत सीताफळ कुणी लावलेले नाही. खडकात, मुरमात, बांधावर, पडीकात ते आपले आपण येते. उन्हाळ्यात पाने झाडून टाकते, पाऊस पडला की फुटते, आणि गणपती-गौरीपासून दिवाळीपर्यंत फळ देते. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पाने, साल आणि बिया यांच्यातल्या कडू, विषारी द्रव्यांमुळे ते वाचते. ज्या डोंगरावर शेळ्यामेंढ्यांनी बाकी सगळे ओरबाडून नेले तिथेही सीताफळ उभे दिसते याचे कारण हे. दुष्काळी जिल्ह्याला याहून गुणाचे झाड मिळाले नसते.

हे फळ गोळा करणाऱ्यांत ज्यांची स्वतःची बाग आहे असे थोडे, आणि ज्यांच्याकडे जमीनच नाही असे फार. पहाटे डोंगरात जायचे, फळाचे डोळे उघडले की नाही, खोबणीतली रेघ पांढरट-पिवळी झाली की नाही ते बघून तोडायचे, पाटी भरून रस्त्याला किंवा आडतीवर आणायचे. या कामात बायकांचा हात मोठा. कोणत्या खोऱ्यातले झाड लवकर येते, कोणत्या झाडाचे फळ मोठे पण पाणचट, कोणत्याचा गर भरघोस आणि बी कमी, हे त्यांना झाडागणिक ठाऊक असते. हे ज्ञान कुठल्याही विद्यापीठाच्या नोंदवहीत पूर्ण उतरलेले नाही. माझ्या मते या जिल्ह्याची सर्वांत मोठी संशोधन संपत्ती तीच आहे.

त्यातला एक तुकडा उतरला. अंबाजोगाईला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. या विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. धारूर परिसरातल्या झाडांमधून निवडलेला ‘धारूर-६’ हा वाण या केंद्राचे सर्वांत परिचित काम. वाणाच्या नावात आपल्या तालुक्याचे नाव आहे. तेलंगणातल्या बालानगरच्या नावाने जशी जात देशभर गेली, तसे धारूरचे नाव जायला हरकत नाही. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या जाधववाडीला अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे, तिथूनही चांगल्या जाती आल्या. आणि बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी स्वतःच्या बागेत निवड करून ‘एनएमके-१ गोल्डन’ काढली. तास-ए-गणेशची परंपरा सीताफळात अशी सुरू झाली.

१९९० नंतर रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने सीताफळ डोंगरातून शेतात उतरवले. मग २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी जालन्याची मोसंबी आणि मराठवाड्याचा केशर आंबाही मानांकित झाला. हे मानांकन कुणा एका शेतकऱ्याच्या नावावर नसते. ते भूभागाचे आणि तिथल्या सगळ्या उत्पादकांचे असते. ते वापरायचे तर उत्पादकांनी अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद करावी लागते, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. प्रमाणपत्र भिंतीवर लावून फळ मात्र पूर्वीसारखेच बिननावाच्या पाटीत विकले, तर त्याचा भाव वाढत नाही. ही जाग आपल्याकडे अजून पुरेशी आलेली नाही, आणि याचे मला वाईट वाटते.

परिषदेत मांडायचे आपले प्रश्न

ज्या फळवाल्यांच्या परिषदा गाजल्या, त्यांच्याकडे आधी प्रश्न तयार होते. आपल्याकडेही ते आहेत.

पहिला फळधारणेचा. सीताफळाचे फूल आधी मादी असते आणि मग नर होते. परागकण तयार होतात तोवर त्याच फुलाची स्त्रीकेसरे निवलेली असतात. कामाला येतात ते बारीक भुंगे, तेही फुलाच्या वासाला भुलून. हवा फार कोरडी आणि उष्ण असली की भुंगे कमी आणि केसर वाळलेले, मग फुले लाखो आणि फळे मूठभर. जे लागते तेही वाकडे, एका बाजूला खोल. स्पेन, कॅलिफोर्निया आणि तैवानमध्ये यावर हाताने परागीकरण करतात. एका वेळच्या फुलांतून परागकण जमवायचे आणि मादी अवस्थेतल्या फुलांत बारीक ब्रशने लावायचे. ब्राझीलच्या बाहिया राज्यात, आपल्याइतक्याच कोरड्या भागात, आपलेच सीताफळ ठिबकावर आणि छाटणी करून पिकवतात. छाटणीची वेळ बदलून ते बहराचा काळ हलवतात. बालाघाटच्या शेतकऱ्याने बाहियाच्या शेतकऱ्याला भेटणे किती उपयोगाचे ठरेल, याचा विचार व्हावा.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. तोडलेले फळ तीन-चार दिवसांत पिकते. शीतगृहात १२-१५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवले तर साल काळी पडते आणि ते नीट पिकत नाही. म्हणून द्राक्षासारखे थंड डब्यातून लांब पाठवणे अवघड. गर काढून गोठवला तर वर्षभर टिकतो, पण त्याला उष्णता दिली की कडवटपणा येतो आणि हवा लागली की तो तपकिरी होतो. आइस्क्रीम आणि रबडीवाले जो गर घेतात त्याचा सारा धंदा या दोन खोड्या सांभाळण्यावर आहे. गर काढणारी यंत्रे आली, बचत गटांनी लहान युनिटे घातली, पण डोंगराच्या पायथ्याशी वीज आणि गोठवणखोली नसेल तर फायदा गोळा करणारीच्या हाती येत नाही. हा प्रश्न शास्त्राचा जितका, तितकाच व्यवस्थेचा.

तिसरा बाजाराचा. तैवानच्या ताइतुंग भागात अटेमोया आणि सीताफळाची भरभराट झाली आणि निर्यात बहुतेक सगळी चीनकडे जाऊ लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये चीनने पिठ्या ढेकणाचे कारण देऊन ती एका दिवसात थांबवली. पिठ्या ढेकूण आपल्या बागांतही आहे. कीड आणि राजकारण एकाच पेटीतून प्रवास करतात, हे तैवानचे शेतकरी सोसून शिकले आणि त्यांच्याकडून ते ऐकून घेण्यासारखे आहे.

चौथा पैशाचा. ऑस्ट्रेलियात अटेमोयाचे उत्पादक विकलेल्या मालावर ठरावीक आकार देतात. त्या निधीतून प्रचार आणि संशोधन चालते आणि संशोधनाच्या रकमेला सरकार जोड देते. तिथे हे फळ आपल्या तुलनेत मूठभर लोक पिकवतात. तरी संशोधन कशावर व्हावे हे ठरवताना त्यांचा शब्द चालतो, कारण पैसा त्यांचा आहे. आपल्या आडतीत तोलाई आणि हमाली कापली जाते. पाटीमागे एखादा रुपया संशोधनासाठी निघाला तर अंबाजोगाईच्या केंद्रापुढे आपण मागणारे म्हणून न जाता भागीदार म्हणून जाऊ.

शेवटचा, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा, विविधतेचा. बागेतल्या कलमी जातींनी पैसा येतो, त्या वाढायलाच हव्यात. पण सगळीकडे एकच जात झाली आणि डोंगरातली रानझाडे रस्त्यासाठी, खाणीसाठी, सरपणासाठी गेली, तर पुढचा धारूर-६ निघायचा कशातून? इक्वाडोरने लोजाच्या परिषदेनंतर जे केले ते आपल्याला आत्ता करता येईल. तालुक्या-तालुक्यातली उत्तम झाडे गोळा करणाऱ्यांकडून विचारून नोंदवायची, त्यांना खूण करायची, त्यांची कलमे केंद्रात आणि शेतकऱ्यांच्या बांधावर लावायची, आणि ज्या बाईने झाड दाखवले तिचे नाव नोंदीत ठेवायचे. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणाला आणि जतन करणाऱ्या समूहांना मान्यता देण्याची तरतूद आहे. ती कागदावर न राहता डोंगरात पोचली पाहिजे.

परिषद कधी भरवावी

सीताफळाची आंतरराष्ट्रीय परिषद बीड जिल्ह्यात व्हावी, ही मागणी या स्मरणिकेच्या निमित्ताने मी मांडतो. संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे. निवासाची सोय तिथे आणि परळीला देवस्थानांमुळे आहे. डोंगर अर्ध्या तासावर आहे. बारामतीत द्राक्षाची परिषद झाली तेव्हा तीही तालुक्याचीच जागा होती.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. अशा परिषदा बहुधा थंडीत, पाहुण्यांच्या सोयीने ठरतात. जानेवारीत आपल्या झाडावर फळही नसते आणि गावात माणसेही नसतात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कोयते बांधून ट्रक-ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. डोंगरातली सीताफळे वेचणारी बहुतेक घरे त्याच टोळ्यांमधली. ज्यांना प्रत्येक झाड ठाऊक, ते सहा महिने उसाच्या फडात असतात. म्हणून परिषद घटस्थापनेच्या आधीच्या पंधरवड्यात भरवावी. तेव्हा फळ डोंगरात असते, आडत चालू असते, आणि धारूरच्या घाटातून पाटी घेऊन उतरणारी बाई मंचावर येऊन स्पेनच्या शास्त्रज्ञाला सांगू शकते की कोणत्या झाडाचे बी कमी आणि ते झाड कुठे आहे. दुभाष्याची सोय करणे आयोजकांचे काम.